टिल्लूचा बाथ बॉम्ब

लिफ्टवाल्याच्या बायकोला शेवटच्या दिवसांत दुखण्याहून जास्त खाजेनं छळलं. यकृतानं हात टेकले होते. अंग पिवळं पडलं होतं, डोळ्यांतलं पांढरंसुद्धा, आणि कातडीखाली मुंग्यांनी वारूळ केल्यासारखं तिला होत होतं. ती पाठ पलंगाच्या कडेला घासायची, टाचेनं पोटरी खाजवायची, झोपेत दंड ओरबाडायची. नखं मुळापर्यंत कापली तरी सकाळी चादरीवर रक्ताचे बारीक ठिपके दिसायचेच.

तो लिफ्ट दुरुस्त करायचा म्हणून सगळे त्याला लिफ्टवाला म्हणत. उंच इमारतींच्या गच्चीवरच्या यंत्रखोल्यांमध्ये त्याचं निम्मं आयुष्य गेलं होतं. दोर कुठे झिजलाय, ब्रेक कुठे घसरतोय हे त्याला नुसत्या आवाजावरून कळायचं. बिघाड सापडला की दुरुस्त करायचा, नाही झाला तर भाग बदलायचा, आणि खाली येऊन हात धुवायचे, अशी त्याच्या डोक्याची घडण. घरातल्या या बिघाडापुढे ती घडण काही कामाची नव्हती. डॉक्टरांनी त्याला खोलीबाहेर बोलावून सगळं स्वच्छ सांगितलं होतं. आता फार दिवस नाहीत, आणि करण्यासारखं काही उरलेलं नाही. त्यानं मान डोलावली आणि घरी येऊन कुणालाच काही सांगितलं नाही.

पोरं दोन. मोठी पाचवीत, तिला आईबापासकट सगळे ताईच म्हणायचे. धाकटा नुकताच पहिलीत गेलेला, वयाच्या मानानं बुटका, म्हणून टिल्लू. टिल्लूला प्रश्न विचारल्याशिवाय घास उतरत नसे. आई पिवळी का झाली, ती शाळेच्या गॅदरिंगपर्यंत बरी होईल का, ती सारखी खाजवते का. एकदा बुटाची नाडी बांधता बांधता लिफ्टवाला त्याला म्हणाला, "आईच्या रक्तात घाण साचलीये रे. ती धुऊन निघाली की खाज थांबेल, आई बरी होईल." टिल्लूचं समाधान झालेलं दिसलं. पोराला झेपेल असं उत्तर आपल्याला सुचलं म्हणून लिफ्टवाल्यालाही जरा हलकं वाटलं होतं.

एक दिवसाआड घरी सिस्टर यायच्या. जाडजूड, तोंडानं फटकळ, पण हात कापसासारखा. त्यांनी एकदा पाठीवरचे ओरखडे बघितले आणि म्हणाल्या, "टब आहे ना तुमच्याकडे? कोमट पाण्यात खायचा सोडा घाला आणि थोडा वेळ बसवा तिला. खाज दबते. साबण नको, वासाचं काही नको. आणि एकट्यानं उचलू नका, कंबर धरेल."

टब होता, पण त्यात एरवी बादल्या, पोछा आणि टिल्लूची मोडकी सायकल असायची.

ताई दारात उभी राहून ऐकत होती. सिस्टर गेल्यावर ती म्हणाली, "बाबा, बाथ बॉम्बमध्ये सोडाच असतो. आम्हाला शाळेत शिकवलाय. आम्ही आईसाठी करू?"

"बॉम्ब?" टिल्लूचे डोळे बशीएवढे झाले.

"पाण्यात टाकला की फसफसतो. फुटत नाही, बावळटा."

आतून आईचा आवाज आला, बारीक, पण नेहमीच्या चालीवरचा. "करू दे रे त्यांना. मलाही बघायचंय."

मग रविवारी स्वयंपाकघरात कारखाना निघाला. लिफ्टवाल्यानं सायट्रिक ॲसिड आणून दिलं, कॉर्नफ्लोअर घरात होतंच. ताईनं केस वर बांधले, टिल्लूला आईचा जुना शर्ट उलटा घातला आणि पाठीमागून बटणं लावली. आईच्या खोलीचं दार उघडं ठेवलं होतं. ताई प्रत्येक गोष्ट मोठ्यानं सांगत होती, आईला ऐकू जावं म्हणून. "सोडा दोन वाट्या. ॲसिड एक वाटी. गुठळ्या फोडायच्या. आता खोबरेल तेल, थेंब थेंब. आणि पाणी अगदी कमी, नुसतं शिंपडायचं."

शिंपडायचं काम टिल्लूकडे होतं. त्याला वाटलं, शिंपडण्यात वेळ कशाला घालवा. त्यानं पेलाच उपडा केला. परातीतलं मिश्रण सूं करून फुगलं, काठावरून उतू गेलं, ओट्यावरून घरंगळत खाली आलं आणि ताईच्या पायावर पडलं. ताई दोन क्षण नुसती बघत राहिली.

"काय झालं?" आईनं विचारलं.

"बॉम्ब उडाला," लिफ्टवाल्यानं सांगितलं.

आतून हसू आलं. मधेच खोकल्यानं अडवलेलं, तरी पोट धरून आलेलं. कितीतरी दिवसांत ती तशी हसली नव्हती. लिफ्टवाला फडकं हातात घेऊन तसाच थांबला. ओटा पुसायला लागलो तर ते हसू बंद पडेल असं त्याला उगाच वाटलं.

दुसऱ्या खेपेला ताईनं पाण्याची बाटली स्वतःकडे ठेवली. ओल्या वाळूसारखं मिश्रण झालं, मुठीत दाबलं की धरून राहायचं. प्लॅस्टिकच्या चेंडूचे दोन अर्धे भाग होते, त्यांत भरायचं, दाबायचं, अलगद सोडवायचं. ताईचे गोळे गुळगुळीत झाले. टिल्लूला त्याचा स्वतःचा एक हवा होता, आईसाठी, एकट्यानं केलेला. ताई पहिला गोळा आईला दाखवायला आत गेली, लिफ्टवाला टबातली सायकल काढायला गेला, आणि तेवढ्या वेळात टिल्लूनं आपला गोळा केला. वाकडातिकडा, एका बाजूनं चपटा, आणि त्यात निळे कण. ते कण कुणी बघितले नाहीत. बघितले असते तरी रंगाची गंमत केली असेल असंच वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लिफ्टवाल्यानं टबात पाणी भरलं, कोपर बुडवून बघितलं, आणि बायकोला उचललं. सिस्टरनी एकट्यानं उचलू नका म्हणून बजावलं होतं, पण उचलण्यासारखं तिच्यात उरलंच नव्हतं. अवजारांची पेटी जड लागायची त्याला तिच्यापेक्षा. पाण्यात ठेवल्यावर तिनं हुश्श केलं. अंगावर एक पातळ गाऊन होता, तो पाण्यावर तरंगायला लागला. पोरं टबाच्या कडेला हनुवट्या टेकून उभी राहिली.

ताईनं आपला गोळा सोडला. तो गोल गोल फिरत फसफसला, बारीक बुडबुडे आईच्या पोटापर्यंत आले. तिनं डोळे मिटले. "गुदगुल्या होतायत," ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, "बरं वाटतंय ग, ताई."

"आता माझा," टिल्लू म्हणाला.

त्याचा गोळा दगडासारखा तळाला गेला. तिथेच जरा फुसफुसला आणि मग विरघळत गेला. लिफ्टवाल्यानं पाणी हातानं ढवळलं, सगळीकडे सारखं व्हावं म्हणून. पाण्यावर पांढरा फेस आला. बायकोनं डोळे उघडले. आधी तिनं खांदे आखडले, मग गुडघे.

"झोंबतंय," ती म्हणाली. "अरे, झोंबतंय. काढ मला."

"एक मिनिट, टॉवेल—"

"काढ मला." आणि मग तिच्या तोंडून असा आवाज निघाला, जो त्या घरात पूर्वी कुणी ऐकला नव्हता. लिफ्टवाल्यानं तिला धरलं, पण ती निसटत होती, ओली, हाडं हाडं. मदत करावी म्हणून टिल्लूनं तिचं पाऊल धरलं. तिनं ते झटकलं. "त्याला बाहेर ने. आधी त्याला बाहेर ने."

"हो बाहेर," लिफ्टवाला ओरडला. "ऐकू येत नाही का? हो बाहेर."

टिल्लू गेला. ताईही गेली. लिफ्टवाल्यानं तिला कसंबसं पलंगावर आणलं, साध्या पाण्यानं पुसलं. ओरखडे लालबुंद झाले होते. सिस्टर फोनवर म्हणाल्या, औषधाची मात्रा वाढवा, मी सकाळी येते. त्या औषधानं ती झोपली. दुसऱ्या दिवशी ताप चढला. मग ती झोप आणि जाग यांच्यामध्येच कुठेतरी राहिली, ओठ हलायचे पण शब्द व्हायचे नाहीत, आणि त्याच आठवड्यात ती गेली. डॉक्टर म्हणाले होते तसंच झालं. जवळजवळ त्यांनी सांगितलेल्या वेळेलाच.

पोरांची मावशी येऊन राहिली आणि गेली. शेजारी डबे देत होते, तेही हळूहळू थांबले. लिफ्टवाला कामावर जायला लागला. ताई शाळेतून आली की भावाचा हात धरून घर उघडायची, दूध गरम करायची, त्याचा अभ्यास घ्यायची. पोरगी किती शहाणी आहे हो, असं जो तो म्हणायचा. लिफ्टवाल्यालाही तसंच वाटायचं, आणि तेवढ्यावर तो निर्धास्त होता.

टिल्लूनं मात्र आंघोळ सोडली. टबात नाही, बादलीनं नाही, ओल्या फडक्यानं पुसायचं म्हटलं तरी अंगाचं लाकूड करायचा. प्रश्न विचारणं बंद झालं होतं. ताईजवळ झोपायचा तो भिंतीकडे सरकून झोपायला लागला, मध्ये उशी ठेवून. आणि घरातून धुण्याची पावडर नाहीशी व्हायला लागली. लिफ्टवाल्यानं नवा पुडा आणला, तो दोन दिवसांत गेला. पुन्हा आणला, पुन्हा गेला. त्यानं ताईला विचारलं, ती म्हणाली, "संपला असेल." आपणच आणायला विसरतोय की काय, असं त्याला वाटायला लागलं. हल्ली तो बरंच काही विसरत होता.

मग एका दुपारी यंत्रखोलीत पोलादी दोराचा सुटलेला धागा त्याच्या तळहातात घुसला. सोबतचा जुना कारागीर म्हणाला, घरी जा, पट्टी कर. लिफ्टवाला घरी आला. इमारतीची लिफ्ट कुणीतरी वर अडवून ठेवली होती म्हणून जिना चढू लागला, तर दुसऱ्या मजल्याच्या वळणावर वरून टिल्लू उतरत होता. नाकातोंडावर आईची ओढणी बांधलेली, हातांत प्लॅस्टिकच्या पिशव्या चढवलेल्या, आणि दोन्ही हात लांब ताठ धरून पुढे पावडरीचा पुडा.

"कुठे निघालास?"

टिल्लू थांबला. "खाली. कचऱ्यात."

"आधीचे पण तूच टाकलेस?"

त्यानं होकारार्थी मान हलवली. लिफ्टवाल्यानं पुडा घ्यायला हात पुढे केला, तसा टिल्लू मागच्या मागे दोन पायऱ्या चढला. "हात नका लावू, बाबा. तुम्ही पण मराल."

"तुम्ही पण म्हणजे?"

ओढणीमागून शब्द नीट येत नव्हते. टिल्लूनं ती खाली ओढली. "माझ्या गोळ्यात मी ही घातली होती. मूठभर. रक्तातली घाण निघायला. तुम्ही म्हणालात ना, घाण धुऊन निघाली की आई बरी होईल. कपड्यांची निघते हिनं." तो थांबला. "आईची नाही निघाली. आईच मेली."

लिफ्टवाला पायरीवर बसला. तो पाण्यावरचा फेस त्याला आता आठवला, पांढरा, दाट. सोड्याला तसा फेस येत नाही. लाल झालेले ओरखडे आठवले, तो आवाज आठवला. आणि क्षणभर, अगदी क्षणभर, त्याला समोरच्या पोराचा संताप आला. तिची शेवटची शुद्धीवरची संध्याकाळ अशी गेली, ती याच्यामुळे. मग त्या पिशव्या घातलेल्या हातांकडे त्याचं लक्ष गेलं. पुडा अंगाला लागू नये म्हणून ते अजून लांबच धरलेले होते.

"चल वर," तो म्हणाला. "पुडा घेऊन चल."

घरात येऊन त्यानं टब रिकामा केला, नळ सोडला. पुडा घेतला आणि पाण्यात ओतला, अर्धाअधिक. टिल्लू न्हाणीघराच्या चौकटीला दोन्ही हातांनी धरून उभा होता. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. ताई स्वयंपाकघरातून आली आणि त्याच्या मागे उभी राहिली. लिफ्टवाल्यानं शर्ट काढला आणि पँटसकट पाण्यात बसला.

"बाबा, नको ना," टिल्लू म्हणाला. "नको ना, बाबा."

"बघ इकडे. मी मरतोय का ते बघ."

त्यानं जखमेचा हात पाण्याखाली घातला. कळ खांद्यापर्यंत गेली. त्याचं तोंड वाकडं झालेलं टिल्लूनं पाहिलं.

"झोंबतंय?"

"झोंबतंय. इथे कापलंय ना, तिथे."

"आईला पण झोंबलं."

नाही म्हणणं किती सोपं होतं. शब्द जिभेवर आलेच होते. "हो," तो म्हणाला. "तिचं सगळं अंग ओरबाडलेलं होतं. तिला खूप झोंबलं." टिल्लूचा खालचा ओठ हलायला लागला, तरी त्यानं बोललेलं मागे घेतलं नाही. "पण झोंबल्यानं माणूस मरत नाही. तुला पटेपर्यंत मी इथे बसतो."

"किती वेळ लागतो मरायला?"

"तू बस. तूच बघ."

टिल्लूनं बादली उपडी केली आणि तिच्यावर बसला. पाणी गार होत गेलं. मग लिफ्टवाला हळूहळू बोलायला लागला, पाण्याकडे बघत. "आईच्या रक्तात घाण नव्हती. ते मी खोटं सांगितलं तुला. आईचं यकृत बंद पडत चाललं होतं. ते धुऊन नीट होत नाही, औषधानंही होणार नव्हतं. डॉक्टरांनी मला आधीच सांगितलं होतं. तुम्ही गोळे केलेत त्याच्याही आधी."

"मग मला का नाही सांगितलं?"

"मला सांगताच येईना."

टिल्लूनं यावर विचार केला. "आई म्हणाली, त्याला बाहेर ने."

"तिला दुखत होतं रे."

"नंतर मला बोलावलं का तिनं?"

लिफ्टवाल्यानं डोळे मिटले. एक वाक्य, दोन शब्दांचं. पोराला जन्मभर पुरलं असतं. पण जिन्यावरचे ते ताठ धरलेले हात त्याच्या डोळ्यांपुढून जाईनात. तेही त्याच्याच एका गोड वाक्यामुळे तसे झाले होते. "नाही," तो म्हणाला. "नंतर ती कुणाशीच बोलली नाही. माझ्याशीसुद्धा नाही."

"म्हणजे तुम्हाला पण ती शेवटचं तेच म्हणाली."

"काय?"

"त्याला बाहेर ने."

लिफ्टवाल्याला हे कधी सुचलं नव्हतं. इतकी वर्षं संसार केला, आणि शेवटचे शब्द ते. "हो," तो म्हणाला. "मलाही तेच म्हणाली." मग त्याला रडू आलं. आवाज न होता, खांदे हलत. टिल्लू बादलीवरून उठला नाही, पण त्यानं नजरही काढली नाही. बऱ्याच वेळानं तो म्हणाला, "आता निघा बाहेर. गारठाल."

त्यानं स्वतःच टॉवेल आणून दिला. बापाच्या अंगाला हात लागू न देता, टोकाला धरून.

टिल्लू बाहेर गेल्यावर लिफ्टवाला टबाचं बूच काढायला वाकला, तेवढ्यात ताई आत आली. "पाणी सोडू नका सगळं," ती म्हणाली. "कपडे भिजवते यात. फुकट जाईल पावडर." तेव्हा लिफ्टवाल्यानं तिचे हात बघितले. बोटांच्या पेरांवर कातडी फाटली होती, काही भेगांतून रक्त सुकलेलं होतं. एवढे दिवस घरात पावडर नव्हती आणि तरी त्याला रोज धुतलेले कपडे मिळत होते, हे त्याच्या डोक्यातही आलं नव्हतं. ती वडीच्या साबणानं घासत होती, हातानं, चादरीसुद्धा.

"तुला माहीत होतं, तो पुडे टाकतोय?"

"हो."

"आणि गोळ्याचं?"

"टब मीच घासला होता त्या दिवशी. तळाशी निळे कण होते."

"मग मला सांगितलं का नाहीस, ताई?"

तिनं बूच पुन्हा घट्ट बसवलं. "तुम्हाला त्याचा राग आला असता."

नाही ग, असं म्हणायला त्यानं तोंड उघडलं, आणि जिन्यावरचा तो एक क्षण आठवून मिटलं. ताईनं वर पाहिलं. तिला जे कळायचं ते कळलं असावं. ती कपड्यांची टोपली घ्यायला वळली. लिफ्टवाल्यानं टोपली तिच्या हातून घेतली. तिनं सोडली, पण लगेच नाही.

त्या दिवशी कपडे त्यानं धुतले, एका हातानं, दुसऱ्याला पट्टी बांधून. नीट निघाले नाहीत. ताईनं हातांना मलम लावलं आणि पुस्तक उघडून बसली. मध्ये मध्ये ती पान न उलटता खूप वेळ तशीच बसायची, हे त्यानं पहिल्यांदाच पाहिलं.

टिल्लू एका दिवसात बरा झाला असं काही झालं नाही. आंघोळ करायला लागला, पण साध्या पाण्यानं, दार उघडं ठेवून. ताईच्या आणि त्याच्या मधली उशी बरेच महिने राहिली. प्रश्न परत आले, तेही हळूहळू, आणि आता तो उत्तर ऐकल्यावर विचारायचा, "खरं सांगताय ना?" रोज सकाळी शाळेच्या आधी तो बापाच्या पलंगाशी येऊन उभा राहायचा आणि त्याच्या नाकाखाली दोन बोटं धरायचा. लिफ्टवाला बहुतेक वेळा जागाच असायचा. तो डोळे मिटून पडून राहायचा आणि श्वास जरा मोठ्यानं सोडायचा.